गळा बघणारे सर

आमच्या शाळेत कुणी नवीन माणूस आला की सर त्याला पाणी द्यायचे. शिपायाला सांगायचे नाहीत. स्वतः उठून माठातलं पाणी काढायचे, पेला पुढं करायचे आणि माणूस पाणी पीत असताना त्याच्या गळ्याकडं टक लावून बघत बसायचे. तपासणीला आलेले साहेब असोत, पोराचा दाखला न्यायला आलेला बाप असो, पेला खाली ठेवेपर्यंत सर एक शब्द बोलायचे नाहीत. मग मान हलवून म्हणायचे, "ठीक आहे. बोला, काय काम काढलंत?"

मी लोहाऱ्याच्या त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मलाही पाणी मिळालं. नवीन नोकरी, त्यात शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच बाई. समोरचा चाळिशीकडं झुकलेला माणूस आपल्या गळ्याकडं असा बघतोय म्हटल्यावर मी ओढणी वर ओढून घेतली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. "अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड," ते म्हणाले. "घोट गिळताना वर सरकते. गाठ असली तर तेव्हाच दिसते. तुमची चांगली आहे." आणि वर्गावर निघून गेले. बाकीचे शिक्षक हसले. एकजण म्हणाला, "मॅडम, आता तुमी कायम झालात. सरांनी गळा पास केला."

सर जीवशास्त्र शिकवायचे. पुस्तकात सगळ्याच संस्था होत्या, पचनसंस्था, श्वसनसंस्था, पण त्यांचा जीव ग्रंथींच्या धड्यात होता. तो धडा ते वर्षातून एकदा शिकवायचे आणि वर्षभर सांगत राहायचे. हार्मोन हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. संप्रेरक म्हणायचे, आणि तो शब्द उच्चारताना जरा थांबायचे, घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसे.

शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असताना एकदा धाडकन आवाज झाला. माझा अख्खा वर्ग दचकला. भिंतीपलीकडं सरांनी लाकडी डस्टर पूर्ण ताकदीनं टेबलावर आपटलं होतं. मग त्यांचा शांत आवाज आला. "छातीवर हात ठेवा. धडधडतंय? तळहात ओले झाले? तोंड कोरडं पडलं? हे म्या केलं न्हाय. तुमच्या मूत्रपिंडांवर ग्रंथींच्या दोन टोप्या बसल्यात, त्यांनी केलं. तुम्हाला कळायच्या आत त्यांना कळलं." त्या दिवशी माझ्याही पोरांनी छातीवर हात ठेवले. मीही ठेवला.

शाळेत त्यांना दोन शब्द चालत नसत. आळशी आणि ढ. कुठल्याही शिक्षकानं एखाद्या मुलाला तसं म्हटलेलं त्यांच्या कानावर गेलं, की मधल्या सुट्टीत ते त्या शिक्षकाजवळ येऊन बसायचे. भांडायचे नाहीत. "झोप किती येते त्याला? थंडी वाजते का? आवाज बसल्यासारखा आहे का?" असं विचारत राहायचे. समोरचा कंटाळून शब्द मागं घ्यायचा. आमचा एक कारकून फार भांडखोर होता. दाखल्यावर शिक्का मारून मागितला तरी अंगावर यायचा. सरांनी एकदा त्याला दोन्ही हात पुढं पसरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यात असल्यासारखा थरथरत होता. डोळे बाहेर आलेले, वजन उतरलेलं, हे आम्हीही रोज बघत होतो, पण आम्ही त्याचा स्वभाव बघत होतो. सरांनी त्याला सोलापूरला नेलं. त्याची अवटू ग्रंथी जास्तच रस सोडत होती. औषध सुरू झालं आणि पुढच्या परीक्षेपर्यंत तो माणूस सगळ्यांना नमस्कार करायला लागला. त्यानंतर सरांनी तोच कागद आमच्या खेळाच्या सरांच्या बोटांवर ठेवून बघितला. ते तर त्याच्याहून तापट. कागद हलला नाही. रक्तातही काही निघालं नाही. सर बरेच दिवस नाराज होते. काही माणसं नुसतीच तापट असतात, हे मान्य करायला त्यांना जड जायचं.

त्यांच्या घरी कुणी गेलेलं नव्हतं. बाजाराच्या मागं दोन खोल्या घेऊन राहतात, लग्न केलेलं नाही आणि घरात कुणीतरी आहे जे बाहेर येत नाही, एवढंच लोकांना माहीत होतं. मूळचे परंड्याकडचे, सोनारीजवळच्या एका वस्तीवरचे. धनगर. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. घरातला शिकलेला हा एकच. गावाकडं क्वचित जायचे आणि आले की एक-दोन दिवस गप्प असायचे.

माझी लेक जन्मली तेव्हा मला शाळेत चार वर्षं झाली होती. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. लेक गोरीपान, जाडजूड, आणि शांत. रडायचीच नाही. अंगावर पाजायला उठवावं लागायचं आणि पिता पिता ती पुन्हा झोपी जायची. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, तिचा फार अभिमान. बघायला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, "बच्ची एकदम सीधी है. रोतीच नै." बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस गं, आमच्यांनी रात्रीच्या रात्री जागवलं. जन्मल्यावर आलेली कावीळ थोडी रेंगाळली होती, तेव्हा अम्मी तिला सकाळच्या उन्हात धरायच्या. मला कुठंतरी वाटायचं की ती मला बघत नाही. पण पहिलंच मूल, मी कुणाला काय विचारणार?

ती तीन आठवड्यांची झाली आणि शाळेतली मंडळी बघायला आली. मुख्याध्यापक, कारकून, सगळे. सरही आले. ते कुणाच्या घरी जात नसत, म्हणून मला बरं वाटलं. सगळ्यांनी बाळाला लांबून बघितलं, टोपडी दिली. सरांनी मात्र तिला हातात मागितलं. अम्मींनी दिलं.

त्यांनी आधी तिचे तळपाय दोन्ही मुठीत धरले. मग टाळूवर बोटं फिरवली, पुढं आणि मागंही. जीभ ओठाबाहेर थोडी आलेली असायची, ती बघितली. लंगोट सोडून बेंबी बघितली. खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. "शी किती दिवसांनी करती?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी मान खाली घातली. "चार-पाच दिवसांनी," अम्मींनी उत्तर दिलं, "लेकिन तकलीफ नै देती." मग सरांनी तिच्या तळपायाला बोटानं जोरात टिचकी मारली. ती दचकली नाही. दुसरी मारली. तिसऱ्या टिचकीला तिनं तोंड उघडलं आणि रडली. घोगरा, जाड, खालच्या पट्टीतला आवाज, म्हाताऱ्या माणसानं खाकरावं तसा.

सरांचा चेहरा उतरला. तो आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"रक्त तपासा," ते म्हणाले. "उद्याच. थायरॉईडचं. उशीर करू नका."

अम्मींनी लेकीला त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. "क्या बोलते सर तुमी? लहान लेकराला मारता वर तिला बीमारी बोलता?" माझा नवरा मध्ये पडला, पण तोही दुखावला होता. "सर, तुम्ही शाळेत गळे बघता ते ठीक आहे. हे घर आहे." मुख्याध्यापक उठले, सगळेच उठले. सर दारात थांबून माझ्याकडं बघत पुन्हा म्हणाले, "मॅडम, दिवस मोजा. एकेक दिवस जातोय तसा तिचा मेंदू मागं पडतोय." चहा तसाच राहिला. अम्मींनी संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या नवऱ्याच्या दुकानात गेले. मुख्य रस्त्यावर आमचं चपलांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणून आले आणि बसून राहिले. एक जोड घालून बघायचे, काढायचे, दुसरा मागायचे. मधूनच म्हणायचे, "उमरग्याला रक्त घेतात. सकाळच्या काळी-पिवळीनं गेलात तर दुपारी परत." नवरा दुसऱ्या गिऱ्हाइकाला जोड दाखवत राहिला. रात्री जेवताना तो मला म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला हाकलू तरी कसं? शाळा सोडून आले होते. आजवर एक रजा घेतली नाही म्हणतात त्यांनी." तो रागानं सांगायला लागला होता, पण शेवटी त्याचाही आवाज बदलला. अम्मी पलीकडून म्हणाल्या की बाळंतिणीचे चाळीस दिवस होऊ देत, मग बघू.

सकाळी अम्मी नमाजाला बसल्या असताना मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि घराबाहेर पडले. चाळीस दिवसांचा चिल्ला संपायच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी सरांच्या घरी निघाले होते. त्यांना जाब विचारायचा होता की त्यांचं सगळं ऐकायचं होतं, ते माझं मलाही कळत नव्हतं.

दार सरांनी उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "या," म्हणाले, आणि आत बघून हाक मारली, "अक्का, पाहुण्या आल्यात."

आतल्या खोलीतून एक बाई आली. चौथीतल्या मुलीएवढी उंची. केस पांढरे झालेले, दोन घट्ट वेण्या घातलेल्या. चेहरा रुंद, नाक बसकं, ओठ जाड. हळूहळू, पाय ओढत चालत ती माझ्याजवळ आली आणि शालीतल्या बाळाकडं बघून हसली. मग म्हणाली, "बाळ." तोच आवाज होता. माझ्या लेकीचा आवाज, पंचेचाळीस वर्षांनी मोठा झालेला.

मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

"ही माझी थोरली बहीण," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. हिलाही सगळे म्हणायचे, लई गुणी लेकरू, रडतच न्हाय. गळ्यात बोटभर ग्रंथी असते मॅडम, फुलपाखरासारखी. हिच्या गळ्यात ती झालीच न्हाय. त्या ग्रंथीचा रस मिळाला न्हाय तर लेकराचा मेंदू वाढत न्हाय, हाडं वाढत न्हाईत. रस गोळीत मिळतो. रोज एक बारीक गोळी. पहिल्या महिन्यात दिली असती तर ही आज माझ्यावर ओरडली असती, दोन पोरांची आई असती. म्या सोलापूरला बीएस्सीला होतो तेव्हा वर्गात मास्तरांनी एक चित्र दाखवलं. पुस्तकात अक्काचंच चित्र. तेव्हा ही तेवीस वर्षांची होती. त्या दिवसापासून गोळी चालू आहे. अंग गरम झालं, कातडी मऊ झाली, थोडी बोलायला लागली. पण जे गेलं ते गेलं." अक्का माझ्या लेकीच्या पायांना हात लावत होती. सर तिच्याकडं बघत राहिले. "आईनं बघितलं न्हाय. रोज मांडीवर घेऊन बसायची आणि बघितलं न्हाय. तुम्ही बघा."

मी घरी परत गेले नाही. तशीच बाजारात दुकानावर गेले. नवरा नुकतंच शटर उघडत होता. मला रस्त्यावर बघून घाबरला. मी त्याला एवढंच म्हणाले की आपण आत्ता उमरग्याला जायचं आहे, आणि तू नाही आलास तर मी सरांबरोबर जाते. त्यानं शटर परत खाली ओढलं.

उमरग्याला तिच्या टाचेतून रक्त घेतलं, तेव्हाही ती नीट रडली नाही. रिपोर्ट हातात आला तसे आम्ही तिला घेऊन सोलापूरला गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरांनी कागद बघितला, लेकीची जीभ बघितली आणि आधी हेच विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला तपासायला? मुलं माझ्याकडं येतात ती सहा-सात महिन्यांची होऊन, बसत नाहीत म्हणून." नवऱ्यानं सांगितलं, शाळेतल्या एका सरांनी. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." हे ऐकल्यावर माझा नवरा बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. मी त्याला रडताना तेव्हा एकदाच बघितलं.

गोळी चिमटीत चुरून, चमच्यात काढलेल्या माझ्या दुधात कालवून द्यायची. पहिले काही दिवस काहीच फरक दिसला नाही. मग एका सकाळी मी न्हाणीत होते आणि घरात कुणीतरी किंचाळल्यासारखं झालं. पातळ, उंच, कान फाटेल असा आवाज. मी तशीच धावत आले. लेक भुकेनं रडत होती. लाल झालेली, मुठी वळलेल्या. अम्मी तिच्याजवळ बसल्या होत्या, पण तिला उचलत नव्हत्या. "रहने दे," त्या मला म्हणाल्या. "थोडा रोने दे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच दुपारी अम्मी बुरखा घालून सरांच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्यानंतर आठवड्यातून एकदा त्या अक्काकडं जायला लागल्या. तिचे केस धुवायच्या, तेल लावायच्या, वेण्या घालायच्या. सर शाळेत असताना ती दिवसभर कडी लावलेल्या घरात एकटी असायची, हे अम्मींना पटत नव्हतं. पुढं पुढं तर अक्का सकाळपासून आमच्याच घरी असायची. माझी लेक आणि ती एकाच चटईवर बसून खेळायच्या. काही महिन्यांत लेक तिच्यापुढं गेली. आधी बसली, मग उभी राहिली, मग बोलायला लागली, आणि अक्का होती तिथंच राहिली. तिला त्याचा आनंदच होता. लेक काही नवीन शिकली की टाळ्या ती वाजवायची.

सर शाळा सुटल्यावर तिला न्यायला यायचे. दारात उभे राहून ते दोघींकडं बघायचे. त्या बघण्यात सुख होतं असं मला त्या वेळी वाटायचं. आता वाटतं, त्यात दुसरंही काही होतं.

लेक चार-पाच वर्षांची असताना एका दुपारी आम्ही दोघं शाळेच्या व्हरांड्यात परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. सरांनी अचानक पेन बंद केलं. "मॅडम, म्या एकदा गोळी बंद केली होती," ते म्हणाले.

मीही पेन खाली ठेवलं.

"अक्काची. गावाकडं होतो तेव्हा. गोळीनं ती जागी झाली ना, मग तिला कळायला लागलं. आधी पोरं तिच्या मागं पाय ओढत चालायची, हसायची, तेव्हा तीही हसायची. गोळी सुरू झाल्यावर एक दिवस ती घरात आली, कोपऱ्यात बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला कळलं होतं, पोरं आपल्याला हसतात. मग रोज तेच. म्या विचार केला, हिला आपण काय दिलं? वीस वर्षं ही सुखात होती. दुःख व्हायलासुद्धा थायरॉईडचा रस लागतो मॅडम, तो म्या हिला आणून दिला. म्हणून बंद केली."

"मग?"

"दोन-तीन महिन्यांत रडणं थांबलं. हात गार पडले. दारात जाईना, काही मागंना. घर शांत झालं. एक दिवस म्या बाहेरगावाहून आलो तर तिनं मान वर करून बघितलंसुद्धा न्हाय. तोवर बघायची, हसायची. आल्यावर माझ्या पिशवीत हात घालायची. म्या परत सुरू केली आणि तिला घेऊन इकडं आलो. जिथं तिला कुणी ओळखत न्हाय अशा गावात." त्यांनी पुढचा पेपर ओढला. "बरोबर केलं का चूक, ते अजून कळलं न्हाय. कुणाला विचारू?"

एवढा ग्रंथींवर विश्वास असलेला माणूस. राग, भीती, झोप, भूक, सगळ्याचं मूळ त्यांना सांगता यायचं. आणि हे मात्र ते मला विचारत होते.

माझी लेक सरांच्या हाताखाली शिकली. हुशार निघाली असं नाही. गणितात कशीबशी पास व्हायची आणि बोलायची मात्र फार. वर्गात उलट प्रश्न विचारून सरांना भंडावून सोडायची. एकदा तिनं त्यांच्याशी अख्खा तास वाद घातला की माणसाचा स्वभाव जर संप्रेरकं ठरवतात तर मग शिक्षा कुणाला करायची, माणसाला की ग्रंथीला. सर घरी येऊन मला म्हणाले, "तुमची मुलगी लई भांडते." तक्रार करायला आलेला माणूस इतका आनंदात असलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

सर निवृत्त झाले, तरी लोहारा सोडलं नाही. अक्काला अम्मींची सवय होती. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात अक्का गेली. तिचं हृदय आधीपासून कमजोर होतं. सकाळी सर तिला उठवायला गेले तर ती उठली नाही. अम्मी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं होत्या, गुडघ्यांनी अधू. तरी त्याच आधी पोचल्या. अक्काचे केस त्यांनी शेवटचे विंचरले.

माती गावाकडं द्यायची असं सरांनी ठरवलं. आम्ही एक जीप केली. सर, अक्का, मी, नवरा, लेक. अम्मींना एवढा प्रवास झेपणार नव्हता, तरी त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. सोनारी ओलांडून वस्तीवर पोचलो तेव्हा भावकी जमली होती. त्यांच्याच शेताच्या बांधाला खड्डा खणलेला होता. सरांनी बहिणीला स्वतः खाली ठेवलं. तिला उचलायला दुसऱ्याची गरज पडली नाही, इतकी ती लहान होती.

परत येऊन सगळे अंगणातल्या लिंबाखाली बसले. हातपाय धुवायला पाणी आलं. बायका एकमेकींत बोलत होत्या, आणि सरांची चुलती, नव्वदीची, काठीवर हनुवटी ठेवून बसलेली, सुस्कारा टाकून म्हणाली, "सुटली बाई एकदाची."

सर तिच्याकडं वळले. "सुटली म्हणू नका," ते म्हणाले. "ती कुठं अडकली नव्हती. माझ्याजवळ राहत होती." मग, इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो चढला. "अडकवलं ते तुम्ही सगळ्यांनी. आईनं. एकानं जरी धड बघितलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

अंगणातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारीनं मात्र घातली नाही.

"तुझ्या मायनं बघितलं न्हाय म्हनतूस?" ती म्हणाली. "सव्वा महिन्याची हुती पोरगी, तवा तुझी माय माझ्याकडं आली. जाऊबाई, म्हनली, हिचं रडनं निराळं हाय. आमी हसलो. सोनारीला देवापुढं घिऊन गेली, तितंबी समद्यांनी म्हनलं, गुनी लेकरू हाय. तालुक्याच्या डाक्टरकडं चालत गेली. त्यो म्हनला, बाई, लेकरू शांत हाय, लोक असं लेकरू मागत्यात. मग बार्शीला गेली. तू पोटात हुतास तवा. पोटात तू, कडंवर ती, दोन वर्साची झाली तरी हुबी राहत न्हवती. बार्शीच्या डाक्टरनं सांगितलं, वाढंल हळूहळू. किती दारं फिरली रं तुझी माय. मानसं तिलाच येडी म्हनाया लागली. मग सासऱ्यानं दम दिला, आता बास. तवा थांबली."

सर तिच्याकडं बघत होते. हातातला पाण्याचा तांब्या तसाच होता.

"मला कुणी सांगितलं न्हाय," ते म्हणाले.

"तू कवा इचारलंस? तू कालिजातनं आलास आन् तिच्या तोंडावर म्हनलास, तुला डोळे न्हवते का. म्या तितंच हुते, चुलीपाशी. ती काय बोलली का? न्हाय बोलली. तू गेल्यावर म्या म्हनलं, सांग की त्येला. तर म्हनली, नगं. त्येला कुनावर तरी राग धरू दे जाऊबाई, न्हायतर पोरगं सोताला खाईल. माझ्यावर धरू दे. मी हाय की."

बोलणं संपल्यावर म्हातारी दम खात बसली. माझी लेक माझ्या शेजारून उठली आणि सरांच्या जवळ जाऊन खाली बसली. अम्मींना मराठी सगळं कळलं होतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

सरांची आई जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. मला आठवलं, तेव्हा ते एका दिवसात परत आले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे तास घेतले होते.

भावकीतली माणसं एक एक करून उठली. जीपवाला लांबून खूण करत होता, परतीचा रस्ता मोठा होता. माझ्या नवऱ्यानं त्याला हातानं थांबवलं. मग सर उठले, म्हातारीच्या समोर जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले, एखाद्या शाळेतल्या पोरासारखे, आणि म्हणाले, "काकी, परत सांग. पहिल्यापासून. ती तुझ्याकडं आली तेव्हा काय म्हणाली, ते सगळं सांग."

म्हातारीनं काठी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.